शाळा पुढे आहे

सकाळी सहा पन्नासला मी रस्त्याच्या मधोमध उभा असतो.
हातात ‘थांबा’ची पाटी, पोळपाटाएवढी,
दांडा माझ्याच जुन्या छत्रीचा.

सातपूरला सातचा भोंगा आणि सात-दहाची घंटा
एकाच रस्त्यावर येतात.
तिसरी पाळी सुटते, ती झोपेत गाडी हाकते.
पहिली पाळी उशीर झालाय म्हणून हाकते.
आणि दोघींच्या मधून
पहिली ब,
कानटोप्या भुवयांपर्यंत ओढून,
एकमेकांची दप्तरं धरून.

सिंहस्थाच्या निमित्तानं रस्ता नवा झाला.
डांबर कसलं, कॅरमचा बोर्डच.
पपया नर्सरीकडून टिचकी मारली
की टँकर थेट आमच्या फाटकाशी.
जुने पांढरे पट्टे त्याखाली गेले,
गतिरोधक गेला,
राहिली एक पाटी : शाळा पुढे आहे, वेग २५.
तिच्यावर कुणा भाऊंचा वाढदिवस बांधलाय.
भाऊंच्या कानामागून फक्त पाच डोकावतो.
पाचनं कोण चालवणार?

दोन अर्ज केले.
पट्टे निविदेत आहेत, म्हणाले.
निविदा कुठे आहे?
प्रक्रियेत.
आणि मुलं कुठे आहेत, हे विचारायचं राहिलं,
साडेबारा होत आले होते,
शाळा सुटायची होती.

बोरस्तेवहिनी स्कूटीवर तिघांना आणतात,
हेल्मेट आरशाला, गाडी बरोबर फाटकासमोर.
‘दोनच मिनिटं हो, खैरनारकाका.’
मी काही बोलत नाही.
दोन मिनिटं फार असतात.

एसटीत एकतीस वर्षं काढली.
कसारा, वणी, सापुतारा, सगळे घाट.
पंचवीस वर्षं विनाअपघात म्हणून बिल्ला मिळाला,
पत्नीनं तो शोकेसमध्ये ठेवलाय, चांदीच्या गणपतीशेजारी.

घोटीच्या अलीकडे एक झेडपीची शाळा होती.
मी चार मिनिटं लेट होतो.
पोरगं डावीकडून आलं.
ब्रेक लागला. पोरगं वाचलं.
चाकाखाली गेलं ते दप्तर.
डबा फुटला, मेथीची भाजी डांबरावर.
पोरगं रडलं नाही. म्हणालं,
‘वही खराब झाली. बाई मारतील.’
मी दहाची नोट दिली आणि डबल बेल मारायला सांगितली.

डेपोत लेटचा शेरा मिळाला.
दप्तराची नोंद कुठेच नाही.
रात्री गाडी धुताना मडगार्डमध्ये
अर्धा कोनमापक सापडला,
शून्यापासून नव्वदपर्यंत.
तो शोकेसमध्ये नाही.
तो माझ्या खिशात असतो.

गेल्या रविवारी चित्रकलेचे पगारे सर आणि मी
चुना, फेविकॉल आणि एक झाडू घेऊन बसलो.
नऊ पट्टे ओढले. दोन तिरके आले.
सर म्हणाले, परवानगी?
म्हटलं, प्रक्रियेत आहे.

सोमवारी पहिली बमधल्या इकरानं विचारलं,
‘काका, काळ्यावर पाय पडला तर आउट का?’
आयुष्यात प्रवाशांशी खोटं बोललो नव्हतो.
‘हो,’ म्हटलं, ‘आउट.’

तेव्हापासून अख्खी पहिली ब
पांढऱ्यावरून पांढऱ्यावर उड्या मारत जाते.
वेळ लागतो.
टायरं चुना पुसतात, आम्ही पुन्हा ओढतो,
आज पाचवी खेप.

आत्ता एक कंटेनर हॉर्न देतोय.
काचेमागचा ड्रायव्हर घड्याळ दाखवतोय,
त्याचा चेहरा मला ओळखीचा आहे,
तो मी पुष्कळदा आरशात पाहिलाय.
हात खांद्यापासून सरळ, नव्वद अंशात.
थांब रे बाबा.
भावेश गांगुर्डेच्या बुटाची नाडी सुटलीय,
आणि त्याचे अजून तीन पट्टे राहिलेत.