आकडा थांबेपर्यंत

मानवतच्या जिनिंगवर रात्रीचा काटा माझ्याकडे.
कापसाचा टेम्पो चढला की लाल आकडे नाचतात,
चार हजार दोनशे, चार हजार एकशे नव्वद.
ड्रायव्हर उतरतो, तंबाखू मळतो.
मी म्हणतो, थांबा जरा, काटा हलतोय अजून.
भरलं वजन. मग रिकामं. मग पावती.
आणि दोन टेम्पोंच्या मधल्या त्या लांब वेळात
मी चिलखत घालतो.

खेळ सावकाशीचा आहे.
इलियासनं एकदा खेळून पाहिला, पाच मिनिटांत वैतागला.
म्हणाला, बटन दाबून बोट दुखलं,
हा बाबा तलवार उचलायलाच तयार नाही,
याच्यापेक्षा आमचा ट्रॅक्टर लवकर सुरू होतो.
हाव, खरंय.
इथं वार मनात आला म्हणून होत नाही.
आधी पाऊल रोवायचं, मग कंबर वळते,
मग खांदा, मग कोपर,
मग ते अडीच हातांचं लोखंड
विहिरीतून भरली बादली यावी तसं वर येतं.
तोवर समोरच्याला सगळं कळलेलं असतं.

मैदान कुठल्यातरी थंड मुलखातलं.
बर्फ, काळी झाडं, एक पडका पूल.
चौसष्ट माणसं, आणि प्रत्येकाच्या नावापुढं आकडा,
त्याचा वार किती उशिरा पोचतो त्याचा.
दोनशे दहा. एकशे ऐंशी. दोनशे चाळीस.
एकाचा मात्र बारा.
मी काट्यावरचा माणूस,
आकडा जमला नाही की आधी यंत्रावर संशय घेतो.

नाव त्याचं नुसतं ‘बावीस’.
काही लिहीत नाही, शिव्या देत नाही.
पुलावर रोज गाठ पडते.
वार करण्याआधी तलवारीची मूठ कपाळाला लावतो.
माझी तलवार निसटली तर
दोन पावलं मागं सरतो, मी वाकून उचलेपर्यंत.
सतरा रात्री त्यानं मला मारलं,
इतक्या नीट, की राग यायचा नाही.
अठराव्या रात्री मला दिसलं:
डावा पाय टाकताना त्याची ढाल
बोटभर खाली येते.

काल ती खाली आली.
मी पाऊल रोवलं, कंबर, खांदा, कोपर,
तलवार डोक्यावर,
आणि खिडकीबाहेर अख्खं मानवत गेलं.
जिनिंगचे दिवे, रोडचे खांब,
मोंढ्याकडची ती हिरवी पाटी, सगळं.
काट्याला इन्व्हर्टर आहे, माझा पडदा जागाच.
आणि पडद्यावर बावीस
थांबलेला. पाय अर्धा उचललेला.
ढाल बोटभर खाली.

बावीस.
रात्रभर पावत्यांवर मीच लिहितो,
एमएच बावीस, एमएच बावीस.
कामून इतका वेळ लागला मला?

वार मागं घेता येतो या खेळात,
फक्त सगळा दम त्यात जातो.
घेतला मी मागं.
मग त्याच्याकडं पाठ करून उभा राहिलो,
कारण पुलाच्या त्या टोकाकडून
दोनशे दहा आणि दोनशे चाळीस येत होते, भाले घेऊन,
आणि त्यांना कोण सांगणार
की आमची लाईट गेलीय.
पहिला भाला ढालीनं घेतला. दुसरा पोटात.
मी आधी पडलो, मग तो,
पाय उचललेलाच.

बाहेर आलो. अंधारात कुत्री, कापसाचा वास,
लांब कुणीतरी ओरडून विचारत होतं,
तुमची पण गेली का?
मी ओ देणार होतो.
तेवढ्यात टेम्पो आला, हेडलाईट डोळ्यांत.
थांबा जरा, म्हणलं. काटा हलतोय.

आज सकाळी दूध आणायला गेलो,
मेडिकलचा पोरगा शटर वर करत होता,
पिकोफॉलवाल्या निर्मलाताई झाडत होत्या,
तलाठी ऑफिसातले लोखंडे स्कूटरला किक मारत होते.
मी पिशवी घेऊन नुसता उभा,
सगळ्यांचे डावे पाय बघत.