फुटाणे

टिमकीच्या बोळात हिराबायाशी सर बूट काढून बसले,
मागाच्या खड्ड्यात पाय सोडून.
वहीत उभ्या ओळी. मी दुभाषा, रोजचे पंधरा रुपये.

राजाचा, लढाईचा प्रश्न एकही नाही.
विचारलं, तुटला धागा थुंकी लावून जोडता,
तेव्हा मनात कोणाचं नाव घेता?
गिरजाबाई हेडाऊ हसल्या, "असं कोनी पुसते का जी?"
आणि सांगत राहिल्या, दिवेलागणीपर्यंत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत निघाली.
खोकला घेऊन जाय गे मारबत!
रॉकेलची रांग घेऊन जाय!
सर लिहीत होते, घामानं शाई पसरत होती.

रात्री गिरजाबाईंनीच पुसलं,
"तुमच्या गावी इडापिडा कशी धाडते?"
सरांनी वही मिटली.
मूठभर फुटाणे मागितले,
दारातून अंधारात भिरकावले
आणि ओरडले आपल्या बोलीत,
आवाज फाटेस्तोवर.

मी तोंड उघडलं.
"राहू दे, समजलं," गिरजाबाई म्हणाल्या.

मग सरांनी एकाहत्तर फुटाणे मोजून खाल्ले.
वयाएवढे खायचे असतात म्हणे.
पुडी पुढे केली.

गिरजाबाईंना आपलं वय ठाऊक नव्हतं.
त्यांनी अख्खी पुडी पदरात ओतून घेतली.