कोरम

रविवारी साडेदहाला ग्रामसभा.
मी साडेआठला खुर्च्या उतरवतो,
शंभर, पांढऱ्या, मंडपवाल्या गुरुदासकडच्या,
पाठीवर लाल रंगात त्याचं नाव.
लग्नात ह्याच कमी पडतात,
माणसं फणसाखाली उभ्याने जेवतात.
इथे मी पंधरा मांडतो
आणि उरलेल्या एकात एक तशाच ठेवतो,
परत वाहायचा त्रास नको.

फेब्रुवारीत मतदान झालं तेव्हा पाहायला हवं होतं.
शाळेपासून रांग पार पोदेराच्या भट्टीपर्यंत.
वास्कोहून पोरगे इस्त्रीचे शर्ट घालून आले,
बोटीवरचा सेबास्त्यांव सुट्टी वाढवून थांबला,
तातू वेरेंकराला तर खुर्चीसकट उचलून आणलं,
ती खुर्चीही गुरुदासचीच.
शंभरातले अठ्ठ्याऐंशी, कुणीतरी स्पीकरवर ओरडलं,
आणि फटाके.
माझ्या बोटावरची शाई
नखाबरोबर हळूहळू वर सरकत गेली.
जूनमध्ये एका संध्याकाळी
पायरीवर बसून मी ती कापून टाकली.

साडेदहाला चार माणसं.
पंचाचे दोन भाऊ, एक ठेकेदार,
आणि पिएदादबाय.
काळी छत्री, मीस संपवून थेट,
पिशवीत गरम उंडे.
सचिव म्हणतो, कोरम नाही, अर्धा तास थांबू.
अर्ध्या तासानंतर कायद्याला कोरम लागत नाही,
आहेत तेवढे पुरतात.
कायदा समजूतदार आहे,
त्याला गावाची सवय झालीय.

पिएदादबायचा प्रश्न सतरा वर्षं एकच:
"मानशीचें दार कोण बदलतलो?"
मानस म्हणजे खाजनाच्या बांधातली झडप.
भरतीला मिटते, ओहोटीला उघडते,
दिवसातून दोनदा, निवडणूक असो नसो.
लाकूड कुजलंय, ती सांगायची,
हात घालून बघितलंय मी.
सगळे हसायचे. मीही, चहा देताना.
पण नोंदवहीत लिहावं लागायचं:
तिचा प्रश्न, आणि पुढे 'पाहू'.
सतरा वर्षांचे 'पाहू'.
आणि डोंगराचा विषय निघाला की
ती छत्री टेकून पुन्हा उभी राहायची,
नकाशा दाखवा म्हणायची,
नकाशा कधीच आणलेला नसायचा,
विषय पुढच्या सभेला.

जुलैत ती गेली.
दफनाला गाव लोटलं.
गुरुदासच्या खुर्च्या कमी पडल्या.

ऑगस्टच्या सभेत सव्वाअकराला
अख्खा डोंगर रहिवासी झाला.
ठराव सर्वानुमते.
ते 'सर्वानुमते' मीच झेरॉक्स केलं,
सर्व म्हणजे तिघे.
नकाशा त्या दिवशी आणला होता,
कुणी मागितला नाही.

सप्टेंबरात, भात पोटरीला आलेलं असताना,
मानस रात्री फुटली.
खारं पाणी अर्धा तास थांबलं नाही.
अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या शेतात गेलं,
उरलेल्या बारांच्याही,
माझ्याही दोन वाफ्यांत.
सकाळी बांधावर एवढी माणसं उभी होती
की तिथेच सभा घेतली असती तर.

आज मी पंधरा मांडल्या.
मग वरची आणखी एक काढली.
सचिव म्हणाला, ही कोणाला?
एकोणीस वर्षं मी ह्या वहीवर लोकांच्या सह्या घेतल्या,
पेन दोरीने बांधलं, रिफिल बदललं.
माझं नाव त्या रकान्यात लिहिताना
'ग'चा कान्हा जरा वाकडा गेला.
बसलो.
ही खुर्ची बसल्यावर करकरते,
मांडणाऱ्याला कुठून कळणार.

अकरा वाजले. इतर विषय, सचिव म्हणाला,
माझ्याकडे न बघता, वही मिटत.
मी उठलो.
"मानशीचें..."
आवाज घशातच बसला. ठेकेदाराने मोबाइल खाली ठेवला.
पुन्हा म्हणालो, आता अख्खं.
गेटपाशी कुणीतरी स्कूटर
स्टँडला लावत होतं.