खोली

तेरणेच्या अलीकडं, बुजवलेल्या बारवेत
चौदाव्या पायरीवर कुदळी थांबवल्या,
ब्रश घेतले.
काळी माती धरून ठेवते, लवकर सोडत नाही.
दोरीच्या चौकोनात आधी खापरं,
मग मनगट.
त्याला तारेनं बांधलेलं दुसरं मनगट.

काठावरून सोपानतात्या ओरडले,
"कुणाची हायती? त्यांची का आपली?"
मॅडमनी मान वर केली नाही.
"बाईची. वय पंचविशीच्या आतबाहेर."

हमीदाबी रोज येते. काही विचारत नाही.
चौथ्या दिवशी चावी निघाली,
गंजून बोटाएवढी जाड.
पाचव्या दिवशी तिनं पदराआडून कुलूप काढलं.
"अब्बानं दार लावलं,
मला मामूकडं धाडलं."
कोयंडा उपटून आलेला,
कुलूप अजून बंद.

चावी लावून बघायची नसते,
पुरावा मोडतो.
दोन्ही पट्टीशेजारी ठेवून फोटो काढला फक्त.

पंचांसमोर नोंद मोठ्यानं वाचायची, असा नियम आहे.
मी वाचली:
चावी, लोखंडी, एक.
खोली, चार मीटर वीस.

"एकच होती,"
हमीदाबी म्हणाली,
"दार उगवतीकडं."