जोडपत्र सात

दुपारी साडेतीन. आपल्याकडे चहा, त्यांच्याकडे बारा.
पडद्यावर एस्नात म्वाले येते,
आधी आवाज, मग कपाळ, मग ती सगळी.
मलावीत वीज गेलेली असते.
"फोनमध्ये बावीस टक्के उरलेत, मिस्टर खैरनार, लवकर विचारा."

अर्ज एकशे बारा पानांचा.
निधी मोठा, कुठल्याशा थंड शहरात ठेवलेला.
तिच्या देशाच्या संस्थेने तो थेट मागायचा,
मधल्या कुणाच्या ओंजळीने नाही.
त्याआधी मान्यता, मान्यतेआधी तपासणी,
तपासणीआधी प्रश्न,
ज्यांना तिकडे प्रश्न म्हणत नाहीत,
स्पष्टीकरणाची विनंती म्हणतात.
ही बोली मला येते.
चौतीस वर्षं त्र्यंबक रोडच्या कचेरीत
मी हीच बोललो, तांबड्या शाईत.

खरेदीचं धोरण? आहे.
तीन वर्षांचे लेखे? दोन वर्षांचे आहेत,
तिसऱ्याचं कपाट वादळात भिजलं.
अपहाराच्या तक्रारी?
इथे मी तिला एक शब्द शिकवला: निरंक.
जागा रिकामी सोडू नकोस,
रिकाम्या जागेत ते काहीही वाचतात.
नी-रंक, ती म्हणून बघते.
तिच्या तोंडी ते एखाद्या गावाचं नाव वाटतं.

मग पान एकसष्ट.
पुराची तीस वर्षांची मोजमापं जोडा.
त्यातला बदलत्या हवामानाचा पूर किती
आणि तुमचा नेहमीचा किती, वेगळं दाखवा.
नदीवरचं मापक पुरातच गेलं, ती म्हणाली.
पण गावात गोरखचिंच आहे.
ज्या साली जिथवर पाणी, तिथे खोडावर सुरीची खाच.
"झाड जोडता येतं का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं.
सवय.
लहानू भोयेलाही असंच.
सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने तीनदा आला,
दुधाच्या पिशवीत पाझर तलावाचे कागद.
तीनदा मी लिहिलं: मोजमाप नाही, परत.
चौथ्यांदा आला नाही.
मी फाइल बंद केली. शेरा: अर्जदार अनुत्सुक.

संध्याकाळी गोदाघाटावर गेलो.
नाशकात पूर मीटरमध्ये कोण विचारतं?
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला, छातीला,
त्यावर सराफ बाजार आपली दुकानं उपसतो.
बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप नेली होती.
दीड मीटरला ती संपली,
तिथे खडूची रेघ, पुन्हा शून्यापासून.
"काका, देवाला शर्ट शिवताय काय?" फुलवाली म्हणाली,
आणि दुसरं टोक धरलं.
गुडघा इतका. कंबर इतकी. खांदा मला पुरला नाही.

आकडे, फोटो, रीत, सगळं पाठवलं.
तिकडे त्यांनी गाठी मारलेला दोर लावला.
एकोणीस खाचा.
सगळ्यात वरचीखाली एस्नात उभी,
हात उंच केलेला,
बोटं पोचत नाहीत.

अकरा आठवड्यांनी उत्तर:
जोडपत्र सात पाहिले. पद्धत लक्षवेधी आहे.
तथापि झाड वाढते, त्यासोबत
खाचाही वर सरकल्या असतील काय? स्पष्ट करावे.

एस्नात इतकी हसली की फोन आडवा पडला,
थोडा वेळ मला नुसतं छत दिसलं, पत्र्याचं.
मग तिचा आवाज:
झाड शेंड्याने वर जातं.
खाच जिथे केली तिथेच राहते,
फक्त रुंदावते.

हे लिही, म्हटलं, असंच्या असं.
"याला रकाना नाही इथे."
मग समासात लिही.
माझी सगळी नोकरी समासातच गेली,
आणि तिथलं कुणी वाचत नाही असं
निदान मला तरी