लंगर, नांगर

तिघऱ्याच्या पाण्यावर पट्टकादंब मोजते मी
दर जानेवारीत, नारिंगी प्लास्टिकच्या होडीत बसून,
जी माझ्या बसकणीपेक्षा फारशी रुंद नाही.
एकोणसाठ, साठ, एकसष्ट,
आणि वारा होडीचं तोंड फिरवतो.
डावीकडचा थवा उजवीकडे जातो,
एकसष्टावा कुठला होता,
कुणाला विचारायचं?

आधी मी पंसेरी नेली,
दौलतगंजातल्या पागनीसांच्या दुकानातली,
काट्याबरोबरच निवृत्त झालेली.
नायलॉनच्या दोरीला बांधून सोडली.
ती तळाला टेकली, आणि आम्ही दोघी निघालो,
वर मी, खाली ती गाळातून फरफटत,
फिरायला यायचं नसलेल्या कुत्र्यासारखी.

हरकंठ बाथम जाळी आवरून परतत होता.
वल्हं थांबवून बघत राहिला बराच वेळ.
"वजनानं काय होतंय, मास्टरनीजी," म्हणाला.
(म्हणाला हिंदीत, मला ऐकू आलं मराठीत,
लष्करात जन्म गेला की असंच होतं.)
"धरलं पाहिजे त्यानं."

मग लोहिया बाजार.
म्हटलं, लंगर हवाय, लहानसा.
दुकानदारानं विचारलं, किती माणसं जेवणार?
आणि कढया काढल्या एकात एक बसवलेल्या,
सगळ्यांत मोठीत मी होडीसकट मावले असते.
तो लंगर नव्हे हो, आमच्यात नांगर म्हणतात, तो.
पावतीच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं.
चित्र उलटंसुलटं करून तो म्हणाला, अच्छा, हल!
बैलाचा, की ट्रॅक्टरचा?

मिळाला शेवटी एक चार नख्यांचा,
छत्रीसारखा मिटणारा, दीड किलोचा.
धरण्यात पटाईत.
भिंतीकडच्या दगडांत असा रुतला
की पुढून ओढला, मागून ओढला, शिव्या घातल्या,
मावळतीला दोरी कापली.
चाकू जवळ ठेव, असंही हरकंठनंच सांगितलं होतं.

आताचा बहोडापूरच्या गयादीननं घडवलेला.
दांड्याला बिजागरीवर दोन चपटी पाती,
पुढे हातभर साखळी,
म्हणजे दांडा तळावर आडवा निजतो.
उभा राहिला तर गाळ सोडतो.
बुडख्याशी एक भोक, त्यात दुसरी, बारीक दोरी,
अडकलाच तर शेपटीकडून उपटायला.

नऊ फूट पाण्याला साठ फूट दोर सोड, हरकंठ म्हणाला.
मी वाद घातला. छत्तीस वर्षं गणित शिकवलंय.
घरी येऊन कोन मांडला, स्पर्शिका काढली,
दुसऱ्या दिवशी साठ फूट विकत घेतला.

कुशीला बांधायचा नाही.
हे कुणी सांगितलं नव्हतं.
कुशीला बांधला, आणि एका झुळकीत
चष्मा, दुर्बीण आणि मी यांपैकी
चष्मा परत आला नाही.
आता टोकाच्या कडीत.
फेकायचा नाही, हातानं सोडायचा,
तळ लागला की मागे सरकत सरकत
दोर द्यायचा, थोडा, आणखी थोडा,
मग एक हिसका.
खालून कुणीतरी बोट धरल्यासारखं होतं.
काठावरचं बाभळीचं खोड आणि पंपघराचा कोपरा
एका रेषेत आणून बघत बसते. हलत नाहीत.
होडी आपणहून वाऱ्याला सामोरी होते.

दोनशे चौदा.
पुन्हा मोजले. दोनशे अकरा.
तिघे मधल्या वेळात उडाले असतील.

वर काढताना आधी त्याच्या डोक्यावर जायचं,
दोर सरळ उभा झाला की अलगद सुटतो.
पात्यांवर काळा, बुळबुळीत चिखल, कुजक्या पानांचा वास.
धरणाआधी इथं गहू व्हायचा, असं हरकंठचा आजा सांगायचा म्हणे.
मी चिखल बोटांनी निरपते.
एक शिंपला, प्लास्टिकच्या दोऱ्याचा तुकडा.
गव्हाचं काही नाही.

पंसेरी धुऊन परत केली.
पागनीसांनी नाकाशी नेली आणि म्हणाले,
बाई, हिला मासळीचा वास येतोय,
आता हिच्यावर गूळ कसा तोलू?
पण तुम्ही तर आता विजेच्या काट्यावर तोलता ना, म्हटलं.
ते काही बोलले नाहीत,
दाराला टेकवून ठेवली,
वाऱ्यानं आपटायचं ते दार.