रिकामा स्लॉट

अण्णांनी फळीवर खडूनं लिहिलं,
'आज घड्याळं मिळणार नाहीत',
आणि आम्ही उदगीरहून सातची लातूर गाडी धरली.
पैसे घड्याळाच्या चौकोनी डबीत,
डबी पिशवीत, पिशवी अण्णांच्या मांडीवर,
वर त्यांचे दोन्ही हात.
आईची भिशी खरं तर कार्तिकात लागायची.
तिनं बिडवेकाकूंशी नंबर बदलून घेतला,
कशाच्या बदल्यात, ते अजून सांगितलेलं नाही.

गंजगोलाईच्या मागं, जिना चढून दुकान.
आत थंडगार.
चपला बाहेर काढाव्यात का,
याचा अण्णांनी दारात जरा वेळ विचार केला.

मुजाहिद नावाचा मुलगा, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा,
भराभर सांगत गेला:
हा घ्या तर एवढे, तो घ्या तर एवढे,
कॉलेजवाल्यांना सवलत चार हजार आठशे,
बॅग फुकट, माऊस फुकट,
आठचे सोळा करायचे तर वरून तीन हजार दोनशे.
'आठ काय?'
'रॅम, काका.'
अण्णांनी मान हलवली,
घड्याळ कशानं बंद पडलं हे गिऱ्हाईक त्यांना समजावतं
तेव्हा हलवतात तशी.

सवलतीला बोनाफाईड लागतं. ते होतं.
पण बोनाफाईडवर मी शिवलिला
आणि आधारवर शिवलीला.
फॉर्म लाल झाला. तीनदा भरला, तीनदा लाल.
'एका वेलांटीला चार हजार आठशे?' अण्णा म्हणाले,
रागानं नाही, भाव विचारावा तसं.
कदमबाई पट्टी आपटून ऱ्हस्व-दीर्घ शिकवायच्या.
तेव्हाच किंमत सांगितली असती
तर आमचा वर्ग इतका झोपला नसता.

नांदेडला कॉलेजात फोन.
बाबू जेवायला गेलेले.
जेवून आले, ते पान खायला गेले.
मुजाहिदनं चहा सांगितला.
अण्णांनी त्याच्या मनगटावरचं घड्याळ मागून घेतलं,
कानाला लावलं.
'मागं पडलालंय की तुझं, रोज तीन-चार मिनिटं.'
'मी मोबाईलातच बघतो, काका.'
'मग हे कशाला बांधलास?'
'अब्बांचं आहे.'
अण्णा काही बोलले नाहीत.
खिशातून चिमटा काढला
आणि काउंटरवरच्या त्या उजेडाखाली,
जिथं पन्नास-पन्नास हजारांची झाकणं उघडी पडली होती,
एक जुनं झाकण हलकेच उघडलं.

सव्वातीनला दुरुस्त नाव आलं. फॉर्म हिरवा.
डबीत परतीच्या तिकिटाएवढं उरलं,
सोळा काही बसले नाहीत त्यात.
मुजाहिद म्हणाला, 'आत एक स्लॉट रिकामाय.
पुढं कधीही टाका.'
घड्याळाचे पैसे त्यानं विचारले,
तेव्हा अण्णांनी माऊसकडं बोट दाखवलं:
'हे फुकट दिलास की.'

नळेगाव येईपर्यंत दोघंही गप्प.
मग अण्णाच:
'रिकामी जागा आहे म्हणला ना त्यो?'
'हो.'
'बरं झालं. समदं भरूनच घेतलं असतं
तर मला काय काम उरलं असतं?'

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत मी एका सीनियरकडून
जुनी पट्टी आणली, नऊशेला.
अण्णांनी डोळ्याला भिंग लावलं,
दहा स्क्रू बशीत काढले, निघाले त्याच क्रमानं,
आणि उघड्या पोटाकडं बघत बसले.
'काटा न्हाई, चाक न्हाई.
चाललालंय हे कळतंय कसं?'

पट्टी बसली. टक् झालं.
तेवढा एकच आवाज त्यांना ओळखीचा वाटला.
झाकण लावून चालू केलं,
मी त्यांचा तळहात जाळीपाशी धरला.
आतून कोमट वारा आला.
'हं,' म्हणाले. हात काढला नाही.

स्क्रू मात्र नऊच लागले.
दहावा बशीत नव्हता, चटईखाली नव्हता,
दुकानभर बॅटरी मारली तरी नव्हता.
तीस वर्षांत त्यांच्या हातून स्क्रू हरवलेला नाही,
असं ते सांगतात.
नांदेडला होस्टेलवर रात्री नऊला फोन येतो,
जेवलीस का वगैरे आधी,
मग जरा थांबून,
'आजबी सापडला न्हाई गं.'